चंद्राबायची सही

विद्यापीठाचं नाव मी घेणार नाही. माझी भाची अजून तिथे दुसऱ्या वर्षाला आहे, आणि नाव घेतलं तर तिचा निकाल राखून ठेवायला ते लोक मागेपुढे बघायचे नाहीत. एवढंच सांगते की मुख्यालय लांब आहे, दोन तासांवर, आणि त्याचं एक उपकेंद्र इथे आहे, कोलशेतच्या पुढे, खाडीच्या अंगाला. त्या उपकेंद्राच्या गेटासमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. माहेर डोंबिवलीचं, सासर वर्तकनगरचं, पण गेली नऊ वर्षं दिवसाचे दहा तास मी त्या गेटाकडे तोंड करून बसते. त्यामुळे आत काय चालतं हे आतल्यांपेक्षा मला जास्त कळतं. आणि काय चालतं म्हणाल, तर काहीच चालत नाही. जे चालायचं ते खिडकी नंबर दोनवर चालायचं, आणि तिथे चंद्राबाय बसायची.

चंद्रभागा मोरेश्वर मढवी. वय बावन्न. उंचीला कमी, अंगाने भरलेली, आवाज असा की खिडकीच्या आत बोलली तरी रस्त्यापलीकडे माझ्या दुकानात ऐकू येणार. पहिल्यांदा भेटले तेव्हा मी आपलं 'अहो चंद्राबाय, अहो चंद्राबाय' करत होते. तिने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली की बाय पण म्हणतेस आणि अहो पण लावतेस, दोघांतलं एक काय ते ठेव. तेव्हापासून आमचं अगंतुगं.

ती गावचीच, आगरी. उपकेंद्र ज्या जमिनीवर उभं आहे ती गावाची खारजमीन आणि थोडं गुरचरण. जमीन घेताना मंडप घातलेला, नारळ फोडलेला, मोठमोठे नकाशे लावलेले. इथे वसतिगृह, इथे ग्रंथालय, इथे प्रयोगशाळा, आणि घरटी एक कायम नोकरी. चंद्राबायच्या बापाने कागदावर अंगठा दिला. पुढे काय झालं? एक दुमजली इमारत झाली. सभागृहाला कुलूप आणि त्याची चावी मुख्यालयात. ग्रंथालयाची कपाटं आली, पुस्तकं 'प्रक्रियेत' आहेत असं सात वर्षं ऐकतेय. वसतिगृहाच्या जागी पाण्याची टाकी, तीही कोरडी. आणि घरटी नोकरी म्हणाल, तर सबंध गावातले चार जण लागले, चौघंही कंत्राटी. दर अकरा महिन्यांनी एक दिवस घरी बसवायचं आणि परत नव्याने कागद करायचा. गावाच्या तोंडाला अशी पानं पुसली त्यांनी, आणि कोनशिलेवर नावं कोणाची, तर ज्यांनी आयुष्यात खाडी बघितली नाही त्यांची. ती कोनशिला दिसली की माझ्या डोक्यात अजून तिडीक जाते.

चंद्राबायला आधी झाडूकामाला घेणार होते. दहावी पास, वर मराठी टायपिंगची परीक्षा दिलेली. तिने टायपिंगचं सर्टिफिकेट टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, झाडू दुसऱ्या कोणाला द्या. तेव्हा तिला आवक-जावकला बसवलं. येणाऱ्या प्रत्येक कागदाला नंबर घालायचा, शिक्का मारायचा, वहीत चढवायचा ती आवक, आणि जाणाऱ्याचं तेच केलं की ती जावक. कंटाळवाणं काम. पण ही बाई त्या वहीवर जीव टाकायची. मला सांगायची की तोंडाने बोललेलं वाऱ्यावर जातं, पण आवक नंबर पडलेल्या कागदाला कोणाच्या बापाला गिळता येत नाही, कधी ना कधी उत्तर द्यावंच लागतं. तिचं वेड एवढं की साहेबाचा फोन आला तरी ती वहीत नोंद करायची. तारीख, वेळ, कोण बोललं, काय सांगितलं. बाकीचे हसायचे. एकदा मीही हसलेले. आता नाही हसत.

मग कधीतरी परिपत्रक निघालं. विद्यार्थ्यांच्या सोयीसाठी म्हणे, पदवीचं तात्पुरतं प्रमाणपत्र उपकेंद्रातूनच मिळणार, सही उपकेंद्राच्या सहायक कुलसचिवांची. पेपरात फोटो आला, भाषणं झाली. आणि चारच महिन्यांत ते सहायक कुलसचिव निवृत्त झाले. नवीन माणूस? कोणी नाही. खुर्ची रिकामी. मुख्यालयातल्या खरमाटे साहेबांना इथला 'अतिरिक्त कार्यभार' दिला. ते महिन्यातल्या दुसऱ्या आणि चौथ्या मंगळवारी येणार असं ठरलं. पहिले दोन महिने आलेही. आले की एसी लावायचा, नारळपाणी मागवायचं, पन्नास सह्या करायच्या आणि चार वाजता गाडीत बसायचं. नंतर तेही बंद झालं. इकडे पोरं खिडकीवर येऊन रडायची. कोणाला नोकरीला कागद दाखवायचा, कोणाला पुढच्या प्रवेशाला. चंद्राबाय फोन लावून लावून थकली. शेवटी साहेब फोनवर म्हणाले की प्रत्येक कागद माझ्यापर्यंत आणत बसू नका, तुम्हीच 'करिता' म्हणून करून टाका.

सरकारी ऑफिसात ज्याने दिवस काढलेत त्याला हे सांगायला नको. साहेबाच्या नावाच्या शिक्क्यावर बारीक अक्षरात 'करिता' लिहायचं आणि हाताखालच्याने सही ठोकायची. सगळीकडे चालतं. चंद्राबायने लेखी मागितलं. साहेब म्हणाले, पाठवतो. तिने वहीत लिहून ठेवलं: अमुक तारीख, अकरा वाजून दहा मिनिटं, साहेबांनी दूरध्वनीवर सांगितलं, लेखी आदेश मागितला, पाठवतो म्हणाले. तो लेखी आदेश काही आला नाही. चौदा महिने ती सह्या करत राहिली. एकोणीसशेच्या वर प्रमाणपत्रं.

आता तिची चूक सांगते, कारण चूक तिचीही होती आणि मी काही तिला देव्हाऱ्यात बसवायला निघालेले नाही. इतर उपकेंद्रांतले लिपिकही करिता सह्या करतात. पण ते हुशार. पेन कागदावरून असं फिरवतात की झुरळ शाईत पडून पळालं असं वाटावं. वाचता येत नाही म्हणून कोणी विचारत नाही. आणि आमची चंद्राबाय? पूर्ण नाव लिहायची, चं. मो. मढवी, गोल गोल वाटोळ्या अक्षरात, आणि त्याखाली, देवा रे, हुद्दाही लिहायची, 'कंत्राटी लिपिक'. मी तिला म्हटलं होतं, अगं एवढं कशाला, नुसतं एक वेटोळं काढ. तर म्हणाली की पोरांनी उद्या विचारलं, माझ्या कागदावर कोणाची सही हाय, तर त्यांना माणूस सापडायला नको? आणि खरं सांगू, तिला आवडायचंही. घराचा उतारा दिराच्या नावावर, रेशनकार्ड नवऱ्याच्या. तिचं नाव असलेले कागद जगात कुठे होते, तर या पोरांच्या फायलीत. माझ्याकडे झेरॉक्सला कागद आला की ती कधी कधी रस्ता ओलांडून यायची आणि सही नीट उमटली का बघून जायची.

खिडकीवर मात्र ती कोणाची गय करायची नाही. आईचं नाव चुकलंय, परत जा. फोटोला पिन मारलीय, परत जा. माझ्या सख्ख्या भाचीचा फॉर्म तिने दोनदा परत पाठवला, मी समोर उभी असताना. मी दोन दिवस तिच्याशी बोलले नव्हते. पण त्याच भाचीला ताप भरलेला तेव्हा शेवटच्या तारखेला खिडकी बंद करून हीच बाई आमच्या घरी फॉर्म भरून घ्यायला आलेली. वर्तकनगरला, रिक्षाने, स्वतःहून.

तर गेल्या मार्चातली गोष्ट. प्राप्ती नाखवा नावाची पोरगी, खाडीवरच्या कोळीवाड्यातली. बी.एस्सी. केमिस्ट्री, पहिला वर्ग. आई मासे विकायला बसते, बाप नाही. तिची एका सरकारी प्रयोगशाळेत सहायक म्हणून निवड झाली. अख्ख्या कोळीवाड्यात सरकारी प्रयोगशाळेत कोणी लागलेलं नाही. पोरगी माझ्या दुकानात कागदांचा गठ्ठा घेऊन आली. तीन-तीन सेट काढले आम्ही. दुसऱ्या दिवशी पडताळणीला गेली आणि दुपारी परत आली ती सरळ खिडकी दोनवर. मी दुकानातून बघत होते. ती काहीतरी सांगत होती आणि चंद्राबायचा आवाज येत नव्हता. नऊ वर्षांत पहिल्यांदा. मी शटर अर्धं ओढलं आणि गेले.

झालं होतं असं की पडताळणीच्या अधिकाऱ्याने प्रमाणपत्र हातात धरलं आणि खालचं वाचलं. कंत्राटी लिपिक. म्हणाला, हे प्रमाणपत्र ग्राह्य नाही, सक्षम अधिकाऱ्याची सही आणा, शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत. नाहीतर प्रतीक्षा यादीतल्या पुढच्याला बोलावणार. तो दिवस होता बुधवार.

बुधवारची उरलेली दुपार आणि सबंध गुरुवार फोनात गेला. खरमाटे साहेब मीटिंगमध्ये. मग जेवायला. मग परीक्षा विभागाला विचारा. परीक्षा विभाग म्हणाला, विद्यार्थिनी उपकेंद्राची आहे, उपकेंद्रानेच सही करायची, तसं परिपत्रकच आहे. अरे पण उपकेंद्रात आहे कोण? तर म्हणे, ज्यांच्याकडे कार्यभार आहे त्यांना विचारा. म्हणजे परत खरमाटे. असं गोल गोल फिरवत होते, आणि एकालाही असं वाटलं नाही की आपण एक पोरगी फिरवतोय. मी चंद्राबायच्या टेबलाशी उभी राहून ऐकत होते आणि माझ्या अंगाचा नुसता तिळपापड होत होता. गुरुवारी साडेपाचला चंद्राबायने फोन ठेवला, वहीत नोंद केली आणि म्हणाली, उद्या आपण जाऊ. 'आपण' म्हणजे मीही, हे मला विचारायचीसुद्धा गरज तिला वाटली नाही.

शुक्रवारी सकाळी सातला प्राप्तीचा मामा दर्शन टेम्पो घेऊन आला. तो त्यातून मासळी नेतो. धुतला होता बिचाऱ्याने, पण वास तो वासच. पुढे तो, प्राप्ती आणि चंद्राबाय, मागे ताडपत्रीखाली उलट्या टोपलीवर मी. चंद्राबायने मांडीवर आवक-जावकची वही घेतलेली, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून. ऑफिसची वही बाहेर न्यायची नसते हे तिला माहीत होतं. जावक नंबर घालून, स्वतःच्याच नावाने नोंद करून घेऊन आलेली.

मुख्यालयाच्या गेटवर टेम्पो आत घेईनात. विद्यापीठ आहे, बाजार नाही, असं वॉचमन म्हणाला. मी तोंड उघडणार होते, चंद्राबायने माझा दंड दाबला. चालत गेलो. दगडी इमारती, हिरवळ, कारंजं. कारंज्यात पाणी होतं. आमच्या उपकेंद्रात पोरं पाण्याच्या बाटल्या घरून आणतात.

खरमाटे साहेब साडेबाराला भेटले. माणूस दिसायला सज्जन. बसा म्हणाले, पाणी मागवलं. प्राप्तीचं प्रमाणपत्र बघितलं आणि हळहळले. मग त्यांनी दार लोटून घेतलं आणि आवाज खाली आणला. आपण सही करायला तयार आहोत, आत्ता करतो, दोन मिनिटांचं काम. फक्त हे प्रकरण बाहेर गेलंय, उद्या कोणी चौकशी लावली तर कागद पूर्ण हवा. तेव्हा मढवीबाईंनी चार ओळी लिहून द्याव्यात. त्यांनी मजकूरही सांगितला. मी, चंद्रभागा मढवी, कोणताही अधिकार अथवा आदेश नसताना परस्पर सह्या केल्या. एवढंच. कोणाचं काही वाकडं होणार नाही, कागद फायलीत राहील.

मला ते कळायला थोडा वेळ लागला. चंद्राबायला नाही लागला. तिने विचारलं, असं लिहिलं तर बाकीच्या एकोणीसशे पोरांच्या कागदांचं काय? साहेब म्हणाले, ते नंतर बघता येईल. तिने परत विचारलं, म्हणजे ते खोटे ठरणार ना? साहेबांनी घड्याळाकडे बघितलं आणि म्हणाले की पाचची वेळ माझी नाही, या मुलीची आहे.

असा राग आला मला, सांगते. नारळपाणी पिऊन जाणारा हा माणूस, चौदा महिन्यांत ज्याला एक ओळीचा आदेश पाठवता आला नाही, तो आता सगळं खापर या बाईच्या डोक्यावर फोडायला निघाला होता, आणि ओलीस कोणाला धरलं होतं, तर एका पोरीच्या नोकरीला. प्राप्ती खुर्चीतून उठली. रडत नव्हती. तिने चंद्राबायच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "बाय, तू नको लिहू. मी दुसरी परीक्षा देईन."

चंद्राबायने पेन काढलं. मला वाटलं, लिहितेय आता. तिने साहेबांकडे दोन कोरे कागद मागितले, मध्ये कार्बन घातला आणि तिथेच, त्यांच्याच टेबलावर लिहायला बसली. पाऊण तास लिहीत होती. साहेबांना वाटलं बाई ऐकली, ते मोबाइल बघत बसले. तिने लिहिलं ते असं: उपकेंद्रातील सहायक कुलसचिवांचे पद इतके महिने रिक्त आहे. अमुक तारखेस अमुक वेळी खरमाटे साहेबांनी दूरध्वनीवरून करिता सही करण्यास सांगितले. लेखी आदेश मी अकरा वेळा मागितला. अकराही तारखा, वहीतल्या पानांच्या नंबरासकट. सह्या मी केल्या, माझ्या नावाने केल्या, लपवून केल्या नाहीत. त्यात विद्यार्थ्यांचा काही दोष नाही, तरी सर्व प्रमाणपत्रे ग्राह्य धरावीत. पत्र कुलसचिवांच्या नावे.

साहेबांनी हात पुढे केला. तिने कागद दिला नाही. उठली, मला म्हणाली चल, आणि आम्ही जिना उतरून तळमजल्यावरच्या आवक विभागात गेलो. तिथे एक बाई डबा खात बसलेली. सव्वाला खिडकी बंद होते, म्हणाली. चंद्राबायने तिला सांगितलं की मीही आवकवरच बसते, बारा वर्षं झाली. त्या बाईने एकदा हिच्याकडे बघितलं, बोटं पुसली, शिक्का उचलला. दोन्ही प्रतींवर मारला. नंबर घातला, वहीत चढवला. एवढ्या मोठ्या मुख्यालयात त्या दिवशी कोणी माणसासारखं वागलं असेल तर ती एकटी.

आम्ही वर गेलो. चंद्राबायने शिक्क्याची प्रत साहेबांपुढे ठेवली आणि शेजारी वही उघडून ठेवली. साहेबांनी वाचलं. आधी कान लाल झाले, मग चेहरा. म्हणाले की तुम्हाला हे फार महागात पडेल. ती तिच्या आगरी बोलीत बोलली, जी ऑफिसात ती कधीच बोलायची नाही.

"मना काय पडायचं ते पडंल. आवक नंबर पडलाय, साहेब. आता या पोरीच्या कागदावर सही केलीत तर उद्या तुम्ही सांगू शकाल, की कळल्याबरोबर मी सही केली. नाय केलीत, तर तेही मी लिहून परत खाली जाते."

त्यांनी सही केली. दीड वाजून गेला होता. दर्शनने टेम्पो असा हाणला की मागे माझी हाडं खिळखिळी झाली. वाटेत तासभर ट्रॅफिकमध्ये अडकलो, तरी साडेचारला ठाण्यात पडताळणीच्या ऑफिसला पोचलो. प्राप्ती कागद घेऊन आत गेली आणि वीस मिनिटांनी बाहेर आली ती होकाराची मान हलवत. चंद्राबाय तिला म्हणाली, घरी जाऊन आधी जेव. मग दर्शनला म्हणाली की मना ऑफिसजवळ सोड, वही परत ठेवायची हाय.

त्या पत्राला उत्तर द्यावंच लागलं त्यांना. एप्रिलच्या शेवटी मुख्यालयातून आदेश निघाला की सदर कालावधीतील सर्व प्रमाणपत्रांना कार्योत्तर मान्यता देण्यात येत आहे. म्हणजे झालं ते झालं, आता कबूल. एकोणीसशे पोरांचे कागद वाचले. त्यातल्या निम्म्यांना आपला कागद मध्यंतरी धोक्यात होता हेसुद्धा माहीत नाही. आणि खरमाटे साहेबांचं काय झालं विचारता? त्यांच्याकडे आणखी एका उपकेंद्राचा कार्यभार दिला. खोटं नाही सांगत. बढतीच समजा.

चंद्राबायचा कागद मे महिन्यात आला. दुपारची वेळ, पोस्टमन खिडकीवर टपाल देऊन गेला, आणि मी पुस्तकांचे झेरॉक्स पोचवायला आत गेलेली, म्हणून समोरच होते. तिने लखोटे एकेक करून फोडले, जसं रोज फोडते. तिसऱ्यात ते होतं. श्रीमती चं. मो. मढवी यांनी योग्य मार्गाने पत्रव्यवहार न करता, म्हणजे उपकेंद्राच्या सहायक कुलसचिवांमार्फत न पाठवता, थेट कुलसचिवांना पत्र दिले. सबब त्यांची कंत्राटी सेवा समाप्त करण्यात येत आहे. उपकेंद्राच्या सहायक कुलसचिवांमार्फत! ज्या खुर्चीत माणूस नाही म्हणून हे सगळं रामायण झालं, त्या रिकाम्या खुर्चीला अर्ज दिला नाही, हा तिचा गुन्हा. मी तो कागद तिच्या हातातून घेतला आणि दोनदा वाचला. मी काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

चंद्राबायने कागद माझ्याकडून परत घेतला, आवकचा शिक्का मारला, नंबर घातला, वहीत चढवला. मग खालची ओळ बोटाने दाखवली. लिहिलं होतं की सदर आदेश संबंधित कर्मचाऱ्यास सहायक कुलसचिवांनी बजावावा व पोच मुख्यालयास पाठवावी. बजावणार कोण? वरच्या मजल्यावर कुलूप, खाली चौघं कंत्राटी. मी म्हटलं, ठेव तसाच, सडू दे, ज्यांना बजावायचा ते येतील तेव्हा येतील. ती म्हणाली की कागद माझ्या खिडकीवर आलाय, तो असा लटकत ठेवता येत नाही.

तिने पोचेचा कागद केला. उजवीकडे लिहिलं, आदेश मिळाला, आणि सही केली. डावीकडे, आदेश बजावला, सहायक कुलसचिव, करिता, आणि सही केली. चं. मो. मढवी. दोन्हीकडे तीच गोल अक्षरं. खाली हुद्दा लिहायला गेली, थांबली, आणि लिहिला. मग लखोटा बंद केला, जावक नंबर घातला आणि खिडकीवर तीन पोरं उभी होती त्यांचे फॉर्म घेतले. एकाचा परत पाठवला, आईचं नाव राहिलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून चंद्राबाय घरी, आणि पंधरा दिवस मी वाट बघत होते. म्हटलं, आता तरी कोणी फोन करेल, की मढवीबाई, ही बजावणी बेकायदा आहे, करिता सही करायचा तुम्हाला अधिकार काय. एक फोन आला नाही. मुख्यालयाने ती पोच मुकाट्याने फायलीला लावली. प्राप्तीच्या नोकरीला जी सही चालली नाही, ती चंद्राबायला घरी बसवायला बिनबोभाट चालली.